खळीतलं मीठ

एका राज्यात राजकन्येचा कागद झाला. झालं असं, की तिच्या वाढदिवसाच्या पंगतीला वक्रकेतू मांत्रिक उशिरा आला आणि वाढप्यांनी त्याला दारातूनच परतवून लावलं. तो गरजला, "माझं पान वाढलं नाहीत? मग तुमच्याच घरात एक पान वाढेल!" त्यासरशी राजकन्या इंदुलेखा बसल्या जागी पातळ झाली, पांढरी झाली आणि जमिनीवर अलगद पडली.

राजा फौज घेऊन मांत्रिकाला शोधायला उत्तरेला गेला. मांत्रिक दक्षिणेलाच राहत होता. राणी मृगावती मात्र एकटी त्याच्या दारी गेली.

"पुस्तक बांधून दे," मांत्रिक म्हणाला. "कागद तुझा, शिवण तुझी, बांधणी तुझी. कारागिराचं हत्यार नको, घरात असेल त्यावर भागव. अमावस्येला माध्यान्ही येईन. शेवटचं पान जरी कमी पडलं, तर त्या जागी तुझी लेक शिवून नेईन."

मृगावतीने स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून घेतल्या. लेकीला चुलीपासून लांब ठेवलं, उडू नये म्हणून पायांवर पोळपाट ठेवला. श्वासही ती तोंड फिरवून सोडी. जुनी लुगडी फाडून भिजवली, उखळात कुटली आणि लगदा चाळणीवर पसरला. चाळण गोल, म्हणून कागदही गोल निघाले. ते तिने विळीवर चौकोनी कापले. उलथन्याच्या दांड्याने घड्या दाबल्या, दाभणात गोधडीचा दोरा ओवला आणि पानं शिवली. बोटांतून रक्त आलं, ते पदराला पुसलं. कागदावर डाग पडला असता तर?

अमावस्येच्या सकाळी तिने पुठ्ठ्यासाठी कणकेची खळ शिजवली. चुलीवर काही रटरटलं, की हात आपोआप मिठाकडे जातो. राणी असली तरी लेकीचा घास ती स्वतःच शिजवीत असे. आजही लेकीच्या आशेने तिने शेजारच्या चुलीवर वरणभात ठेवला होता.

आढ्यावरची साळुंकी ओरडली, "राणी, मीठ टाकलंस!"

"सवयीनं पडलं गं!"

"मिठाची खळ ओल धरते."

कणीक संपली होती, ऊन अंगणात आलं होतं. मृगावतीने तीच खळ लावली, पुस्तकावर पाटा ठेवला आणि देवाचं नाव घेत बसली. पाटा उचलला, तेव्हा ओला पुठ्ठा त्याला चिकटून वर आला आणि त्याला डकलेलं शेवटचं पान फाटलं. लगदा उरला नव्हता. आणि दार वाजलं.

वक्रकेतूने पुस्तक उलटंपालटं केलं. "शेवटचं पान नाही."

"नाही," राणी म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

पोळपाटाखालून कुजबुज आली, "आई, मला शिव. दाभण तेवढा हळू टोच."

मृगावतीच्या हातातला दाभण गळून पडला.

"पान वाढ," मांत्रिक म्हणाला, "नाहीतर बाजूला हो." बोलता बोलता त्याची नजर चुलीवरच्या भातावर गेली आणि त्याने आवंढा गिळला.

राणीने तो आवंढा पाहिला. पंगतीच्या दारातून परतवलेला माणूस अजून उपाशीच होता.

"बसा, महाराज," ती म्हणाली. "पान वाढते."

तिने केळीचं पान मांडलं, पाण्याने पुसलं. आधी मीठ वाढलं, मग लिंबाची फोड, मग भात, वरण, तूप. वरणाचा थेंबही पानाबाहेर गेला नाही. वक्रकेतू उभाच होता. मग मांडी घालून जेवायला बसला. पहिल्या घासालाच तो थांबला.

"तुझं मीठ खाल्लं," तो हळूच म्हणाला. "आता खाल्ल्या मिठाला जागायला हवं. वाढायचं ते पान वाढून झालं." तो उठला आणि हात धुऊन निघून गेला. पुस्तक त्याने तिथेच ठेवलं.

पोळपाट कलंडला. इंदुलेखा उठून बसली. कपाळावर घडीची एक रेघ तेवढी राहिली होती.

"आई, मलाही पान वाढ ना."

तो शब्द ऐकून मृगावती दचकली. मग हसली, मग रडली आणि रडता रडता तिने मीठ वाढलं.

राजा परतला, तेव्हा दोघी जेवत होत्या. त्या राज्यात उशिरा आलेल्यासाठी पंगतीत एक पान आजही मांडून ठेवतात.