पाटलीण घोडीचं दुखणं

“पण मग रोग नेमका आहे कुठे?” रत्नाकरने पुन्हा विचारलं.

मठाच्या पागेत डॉ. पाडवी घोडीच्या जबड्याखालची गाठ चाचपत उभ्या होत्या.

“एका जागी नाही,” त्या म्हणाल्या. “लिम्फोमा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. गाठींत आहे, प्लीहेत आहे, आतड्यात आहे. छातीतही उतरला असावा, म्हणून हिला धाप लागते.”

“एक जागा सांगा. मी लक्ष घालतो.”

रत्नाकर मठात येण्याआधी दूध संघात पर्यवेक्षक होता. संसार सुटला, पर्यवेक्षण काही सुटलं नाही. स्वयंपाकघरात त्याने लक्ष घातलं, तेव्हापासून त्याला विचारल्याशिवाय आमटीला फोडणी पडेना. दारात लक्ष घातलं, आणि मठाच्या भिकनबुवांच्या पाया पडायला आधी वेळ घ्यावी लागू लागली. मग भजनात घातलं. टाळ कोणी किती जोरात वाजवायचे ते ठरलं, आणि टाळकरी यायचे थांबले. हल्ली बुवांनी कोणत्या कुशीवर झोपावं हेही तोच सांगे. आणि हे सगळं तो निव्वळ प्रेमापोटी करत होता, हीच तर पंचाईत होती.

भिकनबुवा कडब्याच्या पेंढीवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. पाटलीण ही त्यांची घोडी. तिचा तोरा बघून गावानेच हे नाव ठेवलेलं. तिच्या पाठीवर बसून बुवांनी तापीकाठची गावं पालथी घातली होती. आज तिच्या बरगड्या दिसत होत्या आणि बुवांना तिकडे बघवत नव्हतं.

“खाते तर भरपूर,” बुवा म्हणाले.

“खाते, पण अंगी लागत नाही, बुवा. आतड्याची भिंत त्या पेशींनी भरून गेली आहे. जुलाब त्यामुळेच. पोटाखालची सूजही त्यातलीच.”

“आणि कातडीवरचे हे फोड?” रत्नाकर म्हणाला. “त्यांना मी हळद लावली आहे.”

“तेही तेच. काही घोड्यांना नुसते कातडीवर येतात, आणि ते घोडे वर्षानुवर्षं मजेत हिंडतात. हिचं तसं नाही.”

“बरी होईल?” बुवांनी विचारलं.

“नाही, बुवा.” बाईंचा आवाज खाली आला. “इंजेक्शनांनी गाठी थोड्या उतरतील, जरा बरं वाटेल तिला. पण ते काही दिवसांचं.”

बुवांनी उपरण्याने डोळे पुसले. साधू माणसाने रडावं का, असा प्रश्न रत्नाकरच्या चेहऱ्यावर आला. त्याने तो बोलून दाखवला नाही, हे त्याच्या मानाने खूप झालं.

…

“रत्नाकर, तिला नदीवर सोडू या का रे? हिरवळीत?”

गुरू शिष्याला परवानगी मागत होता. पहिली गाठ दिसली त्या दिवसापासून पागेच्या नदीकडच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली रत्नाकरच्या कमरेला. घोडी दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभी असे.

“तिथे वारा असतो, बुवा. माशा असतात. पोरं हात लावतात. मी आहे ना इथे!”

“जाऊ द्या हो तिला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता तिला आवडेल तेच करायचं.”

“मॅडम, तुम्ही औषधाचं बघा.” मग विषय बदलावा म्हणून त्याने विचारलं, “या पांढऱ्या पेशींचं शरीरात काम तरी काय असतं?”

“राखणीचं.”

“आणि राखणदारच उलटले?”

“उलटले नाहीत. त्यांच्या मते ते राखणच करताहेत. फक्त थांबायचं विसरलेत. वाढत राहतात, जिकडेतिकडे शिरतात. आणि जिथे शिरतात तिथे इतकी गर्दी करतात, की त्या अवयवाला स्वतःचं काम करता येत नाही.”

रत्नाकर भडकला.

“हा काय आगाऊपणा! आतड्यात यांना कोणी बोलावलं होतं? आतड्याचं आतडं बघून घेईल ना!”

डॉक्टरबाई घाईघाईने बॅगेत वाकल्या आणि काहीतरी शोधू लागल्या. बराच वेळ त्यांना ते सापडेना.

“तुम्हीच सांगा, बुवा. अशा राखणदाराला काय म्हणावं?” रत्नाकर म्हणाला.

बुवा हळूहळू उठले, त्याच्यासमोर आले. एका हाताने त्यांनी रत्नाकरची हनुवटी वर केली आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते त्याच्या जबड्याखाली चाचपू लागले. आधी डावीकडे, मग उजवीकडे. अगदी मायेने.

रत्नाकरच्या तोंडचं पाणी पळालं.

“बुवा… मला काही झालंय का?”

“तुला काही नाही झालं रे, बाळा. मठाला तू झाला आहेस.”

…

डॉक्टरबाईंची बॅग काही केल्या बंद होईना. पाटलीण मात्र मोठ्याने फुरफुरली.

रत्नाकर उभाच राहिला. कान लाल झाले होते.

“मग… मी जाऊ मठ सोडून?” शेवटी त्याने विचारलं. आवाज रडवेला झाला होता.

“कुठे जाशील? इथे तुझ्याशिवाय माझं आहे कोण?” बुवा म्हणाले. “पण आता हिला घेऊन नदीवर जा.”

त्याने कमरेची किल्ली काढली. दार उघडताच पाटलिणीने ओढ घेतली. चार पावलं चालली, धाप लागली, थांबली. नदीकडून आलेला वारा तिने नाकपुड्या फुलवून आत घेतला आणि पुन्हा निघाली. रत्नाकर दोर धरून तिच्या मागे फरफटत निघाला.

फाटकापाशी पोचल्यावर त्याला राहवलं नाही. तो वळून ओरडला,

“बुवा, परत किती वाजता आणू?”

“तिला विचार.”