गेनूची उताराची सायकल

लई मागची गोष्ट. तवा सायकलीबी माणसाला उलट बोलायच्या.

गेनू गवळ्याची सायकल जुनीपानी. चाक फिरलं की पायडल फिरायचंच, उतारालाबी पायाला इसावा न्हाई. ब्रेक नव्हता, थांबायचं तर पायडल मागं रेटायचं.

"घडीभर दम खाऊ देशील का न्हाई?" गेनूनं तिला लाथ हाणली. "उद्या भंगारात घालतो तुला!"

"घाल की," सायकल म्हणाली. "पर गेनबा, नवी तुझ्या पायानं थांबंल का?"

"मला शिकवती व्हय!" गेनूचं डोकं फिरलं. त्यानं तडक मेव्हण्याची नवी सायकल आणली, दुधाची किटली अडकवली आन डेरीच्या उताराला लागला. सायकल पळतीया, पाय निवांत! गेनूनं एका हातानं मिशीला पीळ दिला.

वळणावर म्हस आडवी. गेनूनं सवयीनं पायडल मागं रेटलं. पायडल नुसतंच गरागरा मागं फिरलं आन सायकल सुसाट पुढं. गेनू उकिरड्यात, दूध म्हशीच्या अंगावर.

घरी आला तर जुनी सायकल टकामका बघाय लागली.

"बोल की, भवाने!" गेनू वरडला.

"नव्या सायकलीला ब्रेक नव्हता व्हय?"

"व्हता की. दोन व्हते."

"मग?"

गेनूनं लाथ उचलली. तेवढ्यात कानातनं शेणाचा गोळा खाली पडला. त्यानं पाय गुमान खाली ठेवला.

"ऱ्हा हितंच," तो पुटपुटला. "उद्या ब्रेक बसवून आणतो."

"मला?" सायकलीनं इचारलं.