रंगाखालचं लोखंड

“करंट निघतो कुठून?”

“बॅटरीतून.”

“आणि जातो कुठं?”

“दिव्यात.”

“मग?”

“मग... दिवा लागतो.”

“लागला. आता करंटचं काय झालं?”

माझा नवरा डोकं खाजवायला लागला. लग्नाला पाच महिने झाले होते. मकरंदला एखाद्या प्रश्नापुढे अडलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. खोटं कशाला बोलू, मजा वाटली.

पाटणच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही उभे होतो. शेड दस्तगीरचाचांची. चाळीस वर्षं ते गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतात. आमचा पहिला दिवाळसण होता, माहेर घाटाखाली चिपळूणला. बाबा फोनवर म्हणाले होते, “त्या खटाऱ्यातून? घाट बघायची नाही ती. एसटीनं या.”

त्यावर मकरंदचा पण: येईन तर आजोबांच्या गाडीतूनच.

आणि चहाला थांबवलेली गाडी आता सुरू व्हायला तयार नव्हती.

“बॅटरी नवी आहे, चाचा. स्टार्टर नवा, फ्यूज नवे. सगळं मी स्वतः बदललंय. इंजिनिअर आहे मी.”

“असं? कसले?”

“...सिव्हिल.”

चाचांनी मान डोलावली. फारच आदरानं.

“हेडलाइट लावा. आता हॉर्न द्या.”

हॉर्न कण्हला. हेडलाइट मिणमिणले. इंडिकेटर लावला, तर डॅशबोर्डवरचे दिवे त्याच्या तालावर उघडझाप करू लागले.

चाचा एकदम पुढे झुकले. सत्तरीचा माणूस, पण उंदराची चाहूल लागलेल्या मांजरासारखा.

“हे कधीपासनं?”

“जुनी गाडी आहे, चाचा. चालायचंच.”

चाचा माझ्याकडे वळले. “पोरी, तू सांग.”

नव्या सुनेनं काय काय बोलायचं नाही, ती यादी मला पाठ होती. मकरंदनं तीन रविवार खपून गाडीला दिलेला रंग त्या यादीत बराच वर होता. पण मी रोज त्याच्या शेजारीच बसत होते...

“रंग दिल्यापासून.”

मकरंदनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

चाचांनी बॉनेट उघडलं. आत सगळं निळंशार, आरशासारखं. बोल्टसुद्धा निळे.

“हे पण रंगवलं?”

“सगळं सुटं करून! एक जागा सोडली नाही.”

“खरंय,” चाचा म्हणाले. “एक जागा सोडली नाही.”

त्यांनी कोपऱ्यातून एक जाड वायर उचलली. एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकावर दाबलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर.

“मारा स्टार्टर!”

ठिणगी उडाली आणि पहिल्याच फटक्यात गाडी धडधडली. मकरंद आतून ओरडला. मीही ओरडले. शेडमागच्या कोंबड्या पळाल्या.

चाचांनी गाडी बंद करायला लावून वायर बाजूला ठेवली. “गेलेल्या करंटला परत यायला रस्ता लागतो. गाडीत तो रस्ता म्हणजे ही बॉडी. ही काळी वायर बॉडीला कसतात... तिथंच तुम्ही रंग भरला. करंट जातो तिकडचं सगळं नवं केलंत.”

त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा मकरंदच्या हातात दिला.

“खरवडा.”

“इथला रंग?”

“लोखंड दिसेपर्यंत.”

मकरंदनं मोठा श्वास घेतला. आधी हळू, मग जोरात घासायला लागला. निळी पूड बोटांवर उडाली. कुंकवाच्या टिळ्याएवढं लोखंड उघडं झालं. चाचांनी वायर त्यावर ठेवून बोल्ट कसला.

किल्ली फिरली. गाडी सुरू! हॉर्न असा वाजला की पुढच्या एसटीच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून शिवी दिली. इतकी गोड शिवी मी कधी ऐकली नव्हती.

मी पिशव्या उचलल्या. मकरंद मात्र अजून बोल्टाभोवतीच्या त्या ओरखड्यांकडेच बघत होता.

“चाचा, हिच्या वडिलांनी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलीत. पोचल्या पोचल्या बॉनेट उघडणार ते. एवढ्या रंगात हा डाग लगेच दिसेल...”

चाचांनी बॉनेट खाली घेतलं. वर हात टेकवून क्षणभर इंजिनचा आवाज ऐकला.

“मग आधी तोच दाखवा.”