ताटावरचा पहारा

एकदा एका गृहस्थावर स्वयंपाक शिकण्याची वेळ आली, आणि तो स्वयंपाक शिकला तो रागाच्या भरात. त्याचे नाव त्र्यंबक. तापाचे निमित्त होऊन त्याची पत्नी गेली. मागे उरली लहानगी लेक, इंदू. सुतक फिटते न फिटते तोच नातलग सल्ले देऊ लागले. "दुसरं लग्न कर. नाहीतर पोरीला मामाकडे धाड. तू काय तिला करून घालणार?"

हे शेवटचे वाक्य त्र्यंबकाच्या जिव्हारी लागले. "माझ्या लेकीला मीच रांधून घालीन," तो गरजला, "आणि तुम्ही बोटं चाटत बसाल असं रांधीन!"

गल्लीच्या टोकाला वेणूकाकू राहत. त्यांच्या हातच्या चवीची गावभर ख्याती होती. त्र्यंबक त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याने विनंती अशी केलीच नाही; "मला शिकवा," एवढेच म्हणाला. काकूंनी त्याच्या आवळलेल्या मुठींकडे पाहिले आणि विळी पुढे सरकवली.

राग वाईट खरा, पण तो आळशी नसतो. भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करूनच चिरायची. मोहरी तडतडल्यावाचून हिंग-हळद घालायची नाही. आमटीत गूळ असावा, पण जिभेला वेगळा कळू नये, हे सारे त्र्यंबकाने आत्मसात केले. वर्ष सरता सरता त्याची भरली वांगी खाऊन तेच नातलग खरोखर बोटे चाटू लागले.

इंदू मात्र जेवेना. दोन-चार घास चिवडायची आणि ताट सरकवायची. तिच्या मनगटांची हाडे वर आली. एके दुपारी त्र्यंबकाने तिच्या आवडीची मटारची उसळ केली, अगदी तिची आई करी तशी. इंदूने एक घास घेतला आणि ती ताटाकडे नुसती बघत राहिली. त्र्यंबकाचा तोल सुटला. त्याने ते ताट उचलले आणि अंगणात भिरकावले.

इंदू रडली नाही. ती उठली आणि सांडलेला भात मुकाट्याने गोळा करू लागली. ते त्याला पाहवेना. तो तडक वेणूकाकूंकडे गेला.

"तुम्ही हातचं राखून शिकवलंत!" तो दारातूनच ओरडला. "माझी पोर वाळत चाललीय. काय लपवलंत माझ्यापासून?"

काकूंनी त्याला आत घेतले. पाट मांडला, पान वाढले. गरम भात, वरण, वर तूप, बाजूला दुधीची भाजी. "बैस. तू जेवलेला नाहीस."

त्र्यंबक धुसफुसतच बसला. त्याने घास उचलला, तशा काकू कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"कसं झालंय?"

"चांगलं."

"मग असा रेंगाळतोस का? भाजीला हात नाही लावलास. सकाळपासून खपलेय मी."

"खातोय, काकू."

"तोंड का वाकडं? आवडलं नाही? सगळं संपलं पाहिजे हं!"

त्याने मान वर केली. काकूंची नजर त्याच्या घासावर रोखलेली होती. त्याने हातातला घास परत पानात टाकला. तो संतापून ताटावरून उठला. "जेवायला वाढलंत की आरोपी म्हणून उभं केलंत? अशानं कुणाला घास उतरेल?"

"नाही ना उतरत?" आता काकूंचाही आवाज चढला. "तू बाप्या माणूस, एका जेवणात उठलास. ती एवढीशी पोर वर्षभर बसलीय! दारावरून जाता-येता पाहते मी. तू तिच्यापुढे असाच उभा असतोस. तिचा प्रत्येक घास तुला नातलगांच्या तोंडावर फेकायचा असतो. त्र्यंबका, रांधणाऱ्याचा हक्क पान वाढेपर्यंत. पुढचं सारं जेवणाऱ्याचं. वाढल्यावर मागं सरता आलं नाही, तर स्वयंपाक अर्धाच आला. आणि मला सांग, तिची आई गेल्यापासून तू लेकीच्या पंक्तीला एकदा तरी बसलास?"

त्र्यंबक एकदाही बसला नव्हता. इंदूचे होईपर्यंत तो तिच्यासमोर उभा राही आणि मग चुलीपाशी उभ्या उभ्याच चार घास गिळी.

त्या संध्याकाळी त्याने नुसता वरणभात केला. दोन पाने शेजारी शेजारी मांडली आणि इंदूजवळ बसून तो जेवू लागला. "खा" म्हणाला नाही. शेजारचा हात थांबला की राग उसळून वर येई; तो त्या रागासकट पुढचा घास गिळी आणि नजर स्वतःच्या ताटातून हलू देत नसे.

बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला. "बाबा, वरण खारट झालंय."

त्याने चव घेतली. इतका वेळ त्याला चवच कळली नव्हती. "खरंच गं," तो म्हणाला.

इंदूने भाताचे भांडे ओढले. आधी थोडा भात त्याच्या पानात वाढला, मग आपल्या. "थोडा जास्त कालवून खा," ती म्हणाली, "म्हणजे लागत नाही."