टिटवीची बातमी

नद्यांना माणसांनी अजून नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऋतू बिघडू लागले होते आणि त्यांच्या बातम्या कोतवाल पक्षी रोज सकाळी उंबरावर बसून साऱ्या रानाला सांगत असे.

एकदा त्याने विचारलं, "उद्या काय सांगू? कोणाकडे काही आहे का?"

"जग बदलतंय, असं सांगा," माकड म्हणालं.

"ते मी रोजच सांगतो. ऐकून सगळे जांभया देतात."

"मग उन्हाने माझा पिसारा फिका पडलाय, ते सांगा," मोर म्हणाला. कोतवालाने पाहिलं, तर पिसारा चांगला झळझळत होता.

मग टिटवी पुढे आली. "आषाढात येणारा पूर दोन वर्षं चैत्रातच येतोय. वाळूतली माझी अंडी दोन्ही वेळा वाहून गेली. यंदा मी ती वरच्या कातळावर घातली आहेत."

"चार अंड्यांची कसली बातमी?" मोर हसला.

"नदीच्या खालच्या अंगाला चाळीस टिटव्या आहेत," टिटवी शांतपणे म्हणाली. "त्या याच आठवड्यात वाळूत अंडी घालतील. माझा आवाज तिथवर पोचत नाही, तुमचा पोचतो. आधी येऊन बघा, मग ठरवा."

कोतवाल तिच्यासोबत गेला. पाण्याने कातळावर सोडलेली खूण त्याने पाहिली, तिच्या वरची अंडी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तेवढंच सांगितलं.

पंधरा दिवसांनी पूर आला. वाळू बुडाली. चाळीसही टिटव्या कातळावर अंडी उबवत बसल्या होत्या.

त्या सकाळी कोतवाल थेट टिटवीकडे आला आणि म्हणाला, "आणखी काय पाहिलंस, सांग."