भिवजीचे नाव

एका राज्यात कोतवालाजवळ मांत्रिकाने घडवलेले धनुष्य होते. त्याचा नेम कधी चुकत नसे, म्हणूनच मांत्रिकाने अट घातली होती: ज्याच्यावर बाण रोखशील, त्याला नावाने तीन हाका मार, थांबला नाही, तरच सोड.

एके वर्षी राजाने मिठाचे कोठार बंद केले. लोक खवळले, त्यांनी कोठार पेटवले. आत बारा शिपाई अडकले. कोतवाल रायाजी धावत आला. एवढ्या गर्दीत नाव कुणाचे घेणार? त्याने "लोकहो!" अशा तीन हाका मारल्या आणि बाण सोडला.

गर्दी पांगली, शिपाई वाचले. पण कोठाराच्या उंबऱ्यात एक माणूस मरून पडला होता, हातात पाण्याची घागर.

त्याच क्षणी धनुष्य रायाजीच्या मुठीला चिकटले. दुसरा बाण आपोआप चढला. कुठेही दहा माणसे जमली, की दोरी आपसूक ताणली जाई. बाजार मोडला, लग्ने खोळंबली, भर दुपारी नगर ओस पडले.

छपरावरचा धनेश पक्षी म्हणाला, "कोतवाला, मेलेल्याचे नाव शोध. ते त्याच्या दारात घे. मग गर्दीसमोर उभा राहा."

रायाजी घरोघर विचारत फिरला. फिरता फिरता साऱ्या नगराची नावे त्याला पाठ झाली. अखेर कुंभारआळीत भागाबाईचे दार लागले. मेलेला तिचा नवरा होता, भिवजी.

"बाई, भिवजी माझ्या बाणाने गेला. माझी माणसे आगीत होती."

"तीच आग विझवायला तो गेला होता," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतले.

तिसऱ्या दिवशी लोक मिठासाठी मशाली घेऊन राजवाड्यावर चालून आले. पुढे भागाबाईच. राजवाड्याच्या दारात रायाजी उभा होता. दोरी ताणली गेली, बाण तिच्या छातीवर रोखला गेला. राजा सज्जातून ओरडला, "सोड!"

"भागाबाई!" रायाजीने हाक मारली. मशाली पुढेच येत होत्या. "भागाबाई!" मग तिसरी हाक: "भागाबाई!"

"ओ," ती म्हणाली, आणि थांबली.

मग रायाजीने प्रत्येकाला नावाने हाक मारली. एकेक ओ येत गेली, एकेक मशाल खाली झाली. शेवटी त्याने भिवजीला हाक मारली. ओ आली नाही. सारे नगर श्वास रोखून त्या ओची वाट पाहत राहिले, आणि धनुष्य मुठीतून गळून पडले. काय सांगावे तो क्षण! राजा अनवाणी खाली आला आणि त्याने स्वतःच्या हाताने मीठ वाटले.

"मी ओ दिली, कोतवाला. माफी दिली नाही," भागाबाई म्हणाली.

"मागायला मला तोंड नाही, बाई."

शाप सुटला, बाजार भरले, लग्ने लागली. तेव्हापासून तिथल्या कोतवालाला आधी नगराची नावे पाठ करावी लागतात, धनुष्य मागाहून मिळते. पहिले नाव भिवजीचे असते.