हत्तीबैलाच्या दगडावरचा पांढरा पंजा

हेडबाईंनी पुन्हा मलाच पुढं केलं. पाहुणे आले की या म्हाताऱ्याला टेकडी चढवायची, ही त्यांची खोडच. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. शिकलेल्यांना मी काय सांगायचं? पण आलोच आहे तर ऐका. एकदाच सांगेन.

देवळाच्या या दगडावर बघा. धडं दोन, डोकं एकच. आणि डोक्याशेजारी हा पांढरा पंजा.

गोऱ्यांच्या राज्यात आमच्या शाळेला आबाजी मास्तर होते म्हणे. ते पोरांना आधी इथं आणायचे, जुनं काम डोळे भरून बघायला लावायचे, मगच हातात खडू द्यायचे. एकदा शाळा तपासायला दिपोटी साहेब आला. वरून हुकूम होता, छापील तक्त्यावरची फुलदाणी पोरांनी जशीच्या तशी उतरवायची, बाकीची थेरं नकोत. आता फुलदाणी या गावात बघितली होती कुणी?

फळ्यावर गुरवाची हौसा चित्र काढत होती.

"हे काय जनावर?" दिपोटीनं विचारलं.

"हत्ती."

"मग शिंग कशाला?"

"बैल पण हाय."

दिपोटीनं स्वतःच्या तळव्यानं फळा पुसला. म्हणाला, "चित्रांचा तास आजपासून बंद."

मास्तरांनी पागोटं काढून टेबलावर ठेवलं. "तास सुरू होईस्तोवर मी बोडक्यानं फिरेन," म्हणाले. तेव्हा बोडकं डोकं म्हणजे घरात सुतक. तेवढ्यात हौसा म्हणाली, "साहेब, माझं पुसलंत. वर दगडात हाय ते बी पुसा की!"

पोरं खदखदली. साहेब संतापून टेकडी चढला, पोरं मागोमाग. दगडापाशी त्यानं हातानं डावीकडचं धड झाकलं, तर बैल. उजवीकडचं झाकलं, तर हत्ती. उचललेली सोंड तेच शिंग! मग काय, डावं, उजवं, पुन्हा डावं. टांगेवाला हाक मारायला आला तरी साहेबाचा खेळ चालूच.

खाली येऊन त्यानं पागोटं स्वतः मास्तरांच्या डोक्यावर ठेवलं. हौसाला म्हणाला, "माझं चुकलं, बाई." आणि शेरेबुकात लिहिलं, 'आधी बघू द्यावे, मग काढू द्यावे.'

त्याच्या खडूच्या हाताचा ठसा मात्र दगडावरून गेला नाही, असं सांगतात. दरसाल पोरं वरून हात ठेवतात म्हणून तो टिकलाय, असंही काही शहाणे म्हणतात. म्हणोत बापडे.

आजही जूनमध्ये शाळा भरली की नवं पोर तळव्याला खडू फासून इथं येतं. अर्धं झाकतं, 'बैल' म्हणतं. हात सरकवतं, 'हत्ती' म्हणतं. तेव्हाच त्याला कागद मिळतो. माझ्या वेळी मी आधी 'हत्ती' म्हणालो, तर वर्गाच्या मॉनिटरनं सगळ्यांदेखत माझी पाटी थुंकी लावून पुसली. म्हणे, क्रम चुकला. अरे, दगडाला कसला क्रम? एवढा मोठा दिपोटी एका पोरीपुढं चुकलं म्हणाला. हा मॉनिटर सत्तर वर्षं माझ्या समोरच्या घरात राहतो, रोज माझ्याच ओट्यावर चहा पितो, पण अजून ब्र काढत नाही. त्याचं नाव लिहून घ्या. श्रीपती घाटगे.